चाळीस लाख, पण कुणाच्या नावे?

डिसेंबर आला की तो मजकूर पुन्हा फिरायला लागतो. २८ डिसेंबर १९७१ ला घटनादुरुस्ती झाली, संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि वाड्यावरचे हुजरे, चोपदार, माहूत, मुदपाकखान्यातले आचारी एका रात्रीत देवळाच्या पायरीवर आले. तेव्हा, म्हणे, खरी माणुसकी राजेशाहीतच होती. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग. शंका काढली तर उत्तर तयार असतं: परदेशात बसून बोलायला काय जातं?

बरं, परदेशात बसूनच बोलतो. त्यातही बीजिंगमध्ये. राजा गेल्यावर चाकरांचं काय होतं याचा धडा इथल्याइतका उघडावाघडा फार कमी ठिकाणी सापडेल.

चीनच्या शेवटच्या राजघराण्याने, चिंग घराण्याने, १२ फेब्रुवारी १९१२ ला गादी सोडली ती वाटाघाटी करून. सहा वर्षांच्या सम्राट पुयीची पदवी शाबूत, तूर्त महालातच मुक्काम आणि वर्षाला चाळीस लाख ल्यांग चांदी. नवं नाणं आलं की तेवढेच युआन. चाकरांसाठी त्याच अटींमध्ये एक कलम होतं: आहेत ते पूर्वीसारखे राहू शकतात, पुढे नवे खोजे घ्यायचे नाहीत. बस्स. काढून टाकलं तर काय, म्हातारपणी काय, पैसे कमी आले तर आधी कुणाचे द्यायचे, यावर एक अक्षर नाही. आणि पैसे कमीच आले. प्रजासत्ताकाने ती रक्कम वेळेवर आणि पूर्ण कधी दिलीच नाही.

आता पगाराचं गणित. साध्या खोज्याला महिन्याला दोन ल्यांग, म्हणजे जेमतेम ७५ ग्रॅम चांदी, वर थोडा तांदूळ. यावर कुणी जगत नव्हतं, जगावं अशी अपेक्षाही नव्हती. खरी कमाई खात्याच्या खर्चात. पुयी चारेक वर्षांचा असतानाचा भटारखान्याचा एका महिन्याचा हिशोब आहे: त्याच्या एकट्याच्या नावावर ८१० जिन मांस, म्हणजे ४८० किलोच्या आसपास, आणि २४० कोंबड्या-बदकं. चार वर्षांच्या पोराने खाल्लं असेल किती? उरलेलं सगळं मांस कुठे गेलं, हाच खोज्यांचा खरा पगार. आपल्याकडच्या ‘खासगी’चा, म्हणजे संस्थानिकांच्या घरखात्याचा, कारभार ज्यांना माहीत आहे त्यांना हे नवं वाटणार नाही.

अशा व्यवस्थेत गोम शेवटी कळते. मालकाने कानाडोळा केला तोवर ती वहिवाट. मालक हिशोब मागायला लागला की तीच चोरी. १९२३ च्या उन्हाळ्यात पुयीने खजिन्याची मोजदाद सुरू केली आणि २६ जूनच्या रात्री जिथे मौल्यवान वस्तू भरल्या होत्या तोच जियानफू महालाचा भाग जळाला. संशय खोज्यांवर. जुलैत हजारावर माणसं एका दिवसात बाहेर काढली, राण्यांनी रडून-भेकून मोजकी तेवढी ठेवून घेतली. बाकीच्यांना महालाच्या उत्तरेला, जिंगशानजवळ नेलं आणि बोचकी न्यायला दोघं-तिघं करत पहाऱ्यात आत सोडलं. तक्रार करणार कशावर? कागदावर देणं होतं ते दोन ल्यांगांचं.

गावी परत जाणं बहुतेकांना शक्य नव्हतं. घरच्यांनी पैसे घेतले होते, पण वंशाच्या दफनभूमीत अशा देहाला जागा नव्हती. कापलेला अवयव चुन्यात मुरवून बरणीत जपायचा आणि मेल्यावर सोबत पुरायचा, हा सगळा आटापिटा त्याचसाठी. मग राहिली देवळं. बेइचांग रस्त्यावरचं शिंगलोंग मंदिर खोज्यांच्या म्हातारपणाच्या मंडळासाठी प्रसिद्ध होतं. रीत साधी: चाकरीत असतानाच ओळखीच्या माणसामार्फत नाव घालायचं, पैसे आगाऊ भरायचे, थकल्यावर खोली, जेवण आणि शेवटी पुरण्याची सोय. ज्यांच्या हाताखाली खाती होती ते बडे खोजे भरू शकले. झाडलोट करणारा दोन ल्यांगांतून काय भरणार? शिवाय देवळांचं उत्पन्न शेतीच्या खंडावर आणि घरभाड्यांवर. लष्करशहांच्या लढाया लागल्या की ते बुडायचं. ज्याने भरलं नाही तो भिक्षेला, आणि ज्याने भरलं त्याचंही ताट हलकं.

नोव्हेंबर १९२४ मध्ये पुयीलाच महालाबाहेर काढलं. चाळीस लाखांचे पाच लाख झाले आणि वर वीस लाख युआन बीजिंगमधल्या गरिबांच्या कारखान्यासाठी कबूल झाले, त्यात आठ निशाणांखालच्या, म्हणजे चिंगांच्या जुन्या लष्करी गटांतल्या, गरीब मांचूंना आधी घ्यायचं. त्या दुरुस्तीतही खोज्यांचा उल्लेख नाही.

आता आपल्याकडे या. तनख्याचं सर्वसाधारण सूत्र असं होतं: संस्थानाच्या उत्पन्नातल्या पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १०, त्यावर साडेसात, कमाल दहा लाख. सहा लाखांच्या संस्थानाला १५,००० अधिक ४०,००० अधिक ७,५०० म्हणजे वर्षाला ६२,५००. राजघराणं, वाड्याची डागडुजी, लग्नकार्यं आणि खासगीतले नोकर, सगळं त्यातच. संस्थानच्या कायम सरकारी नोकरांना विलीनीकरणाच्या करारांत हमी मिळाली होती: नोकरी चालू, नाहीतर भरपाई. कचेरीतला कारकून वाचला, देवडीवरचा हुजऱ्या नाही. त्याचं नाव राजेसाहेबांच्या मर्जीत होतं, करारात नव्हतं. आणि रक्कम गोठलेली, महागाई चढती. वारस बदलला की काही ठिकाणी आणखी कात्री: हैदराबादला (ते वरच्या सूत्राबाहेरचं होतं) १९६७ मध्ये ५० लाखांचे २० लाख. म्हणजे माणसं कमी करण्याची कारणं १९७१ च्या बरीच आधीपासून साचत होती. ती कपात झाली तेव्हा मजकूर कुणी लिहिले नाहीत, कारण काढणारे राजेसाहेब स्वतः होते.

आणि इंदिरा गांधींना शिव्या घालण्याआधी बिठूर आठवायला हरकत नाही. १८१८ मध्ये गादी गेलेल्या दुसऱ्या बाजीरावांना वर्षाला आठ लाख ठरले. पुण्याहून मागोमाग गेलेली मराठी कुटुंबं, पागेवाले, भट-भिक्षुक, सगळा गोतावळा त्या एका नावावर पोसला जात होता. २८ जानेवारी १८५१ ला ते नाव संपलं. पेन्शन हयातीपुरतीच होती म्हणून कंपनीने हात वर केले. नानासाहेबांचे अर्ज सगळ्यांना पाठ आहेत. पागेवाल्याचा अर्ज कुणी वाचलाय?

उलट लखनौ घ्या. अवधच्या गाझीउद्दीन हैदरने १८२५ मध्ये कंपनीला एक कोट कर्ज दिलं, पाच टक्क्यांनी, कायमचं, आणि व्याज कुणाला किती याची यादीच करारात घातली. एका बेगमेच्या चाकर-आश्रितांसाठीही वेगळी रक्कम लावलेली. १८५६ ला राज्य खालसा झालं, १९४७ ला इंग्रज गेले, ते व्याज, म्हणजे वसीका, चालू राहिला. वाटण्या होऊन काहींच्या हाती दहा रुपयेही येत नाहीत, ते हसण्यावारी नेता येतं. पण ते मागायला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

(लखनौ मी सोयीने निवडलं, हे मान्य.)

बीजिंगचं पुढचंही सांगतो. खोजे जिथे राहत आणि पुरले जात, ते बाबाओशानचं मंदिर नव्या सरकारने क्रांतिकारकांच्या स्मशानभूमीसाठी घेतलं. आज मेट्रोच्या लाइन १ वरचं ते एक स्टेशन आहे. शेवटचा खोजा सुन याओतिंग डिसेंबर १९९६ मध्ये गेला, तोही ग्वांगह्वा देवळाच्या आसऱ्यालाच.

इतक्या ठसक्यात लिहिताना एक कागद मात्र मी बाजूला सारला होता. इथल्या माझ्या कामाच्या परवान्यावर मालकाचं नाव आहे. नोकरी सुटली की कामकाजाच्या दहा दिवसांत त्याने तो रद्द करून घ्यायचा. शबाओत, म्हणजे इथल्या सामाजिक विम्यात, पेन्शनसाठी माझे आठ टक्के जातात, कंपनीचे सोळा. कायमचं निघताना आठ हातात पडतात, सोळा इथल्या गंगाजळीत राहतात. गावच्या रेशनकार्डावरून नाव कधीच कमी झालंय, आणि मतदारयादीत असेल तर ते कुणीतरी काढायचं विसरलं म्हणून. डिसेंबरच्या त्या मजकुराचा मला जितका राग येतो, तितका पुण्यात राहून आला असता का, कोण जाणे.