दोन पगारी तरुण हेरास चार सूचना

आपण विशीत आहात, गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहता आणि २०७१ सालच्या मुंबईत दुसरी नोकरी शिल्लक नसल्यामुळे शेजाऱ्यांवर पाळत ठेवण्याचे सरकारी काम आपल्या पदरी पडले आहे, असे गृहीत धरतो. निष्ठा दुभंगली म्हणून झोप उडवून घेऊ नये. कौटिल्याने अर्थशास्त्रात दोन्हीकडून वेतन घेणाऱ्या उभयवेतन हेरांची रीतसर सोय केली आहे. त्यांची बायकामुले राजाने ताब्यात ठेवावीत, एवढीच अट. आपले लग्न जमत नसल्यामुळे खात्याने तूर्त आईच्या रेशनकार्डावर समाधान मानले आहे.

अहवाल नेहमी खरा लिहावा. खोटे पकडले जाते; खरे मात्र कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. कोपऱ्यातल्या खोलीतले मास्तर बंदी असलेली पत्रके वाटतात, हे लिहायचेच झाले तर पहाटे पाचला येणाऱ्या नळापासून सुरुवात करावी: कोणाचे पिंप आधी लागले, कोणी कळशी पुढे सरकवली आणि काकूंनी कोणाच्या सात पिढ्या उद्धरल्या. पत्रके अकराव्या पानावर, गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांच्या नंतर यावीत. तीन हेरांचे म्हणणे जुळले तर बातमी खरी मानावी, हाही कौटिल्याचाच नियम, आणि या चाळीत तिघांचे कशावरही एकमत झाल्याचे कोणाला आठवत नाही. तेव्हा मास्तर सुखरूप आहेत.

हेरगिरी लपवण्याचा खटाटोप तर मुळीच करू नये. आपण खात्यात लागलात ही बातमी नेमणुकीचे पत्र येण्याआधीच तळमजल्यापर्यंत पोहोचली होती. म्हणून तर काकू हल्ली वाटीभर आमटी आणून देतात आणि मास्तर आपल्याला पाहताच मोठ्याने पावसापाण्याविषयी बोलू लागतात. ती आमटी हेच दुसरे वेतन समजावे. ते पहिल्यापेक्षा वेळेवर मिळते.

पूर्व जर्मनीत १९८९ साली गुप्त पोलिसांचे सुमारे १,८९,००० खबरे होते, आणि १९९२ मध्ये दप्तरे खुली झाल्यावर कित्येकांना आपल्याविषयीच्या चहाड्या मित्रांनी, क्वचित नवऱ्यानेही केल्याचे कळले. तेव्हा आपल्यावरही कोणीतरी नेमलेला आहे, हे धरूनच चालावे. तो बहुधा शेजारचा बंड्या असेल. त्याला लिहिण्याचा भारी कंटाळा. त्याने आपल्याविषयीचा अहवाल आपल्याकडूनच लिहून मागितला, तर आढेवेढे न घेता लिहून द्यावा, त्याची नोकरी टिकावी म्हणून स्वतःविषयी थोडाफार संशय राहू द्यावा आणि भत्त्यातला निम्मा वाटा मात्र आधीच ठरवून घ्यावा.