मारिओ घाईत नाही, आपलाच हळू होता

नौपाड्यातल्या आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड चौथ्यांदा आला: ‘इम्युलेटर म्हणजे चोरी. ती नक्कलही धड नाही, मारिओ जास्तच पळतो, गाणं भरभर वाजतं. लहानपणीचा ओरिजिनल खेळ हवा तर जुनं मशीनच शोधा.’

चोरीचं आधी उरकतो. इम्युलेटर म्हणजे जुन्या व्हिडिओ गेम मशीनच्या चिपचं काम आजच्या प्रोसेसरकडून करून घेणारा प्रोग्रॅम, बस. त्यात खेळ नसतात. प्लेस्टेशनचा इम्युलेटर विकणाऱ्या कनेक्टिक्सवर सोनीने खटला भरला, तर २००० साली अमेरिकेतल्या अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. घोळ असतो तो कॅसेटमधला खेळ, म्हणजे रॉम, फुकट उतरवून घेण्यात. खेळ जुना झाला म्हणून कॉपीराइट संपत नाही, हे आम्ही इम्युलेटरवाले सोयीस्कर विसरतो.

वेगाची तक्रार मात्र खरी आहे. फक्त आरोपी चुकलाय. १९८३चं निन्टेन्डोचं जपानी गेम मशीन, फॅमिकॉम, सेकंदाला साधारण ६० चित्रं काढायचं, कारण तिथले टीव्ही तसे. आपले टीव्ही पॅल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचे. आणि आपल्याकडे घरोघरी जे ‘टीव्ही गेम’ आले, ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकलाच होत्या, ५०वर चालणाऱ्या. (ओरिजिनल म्हणे!) या खेळांचा सगळा हिशोब चित्रांवर: मारिओने एका चित्रात किती सरकायचं, पुढचा सूर कितव्या चित्राला. चित्रं कमी, की सगळंच संथ. इम्युलेटर खेळ मूळच्या ६०वर चालवतो, म्हणून आपल्याला मारिओ पळताना दिसतो.

पटत नसेल तर मी केलं ते करा. मेसेन नावाच्या इम्युलेटरमध्ये पहिल्या मारिओची पहिली लेव्हल लावा आणि हात बांधून बसा. वरचं ४००चं घड्याळ दर २४ चित्रांनी एकाने उतरतं, शून्य झालं की मारिओ मरतो. ६०वर मारिओ २ मिनिटं ४० सेकंदांनी मेला. मग सेटिंगमध्ये रीजन ‘डेंडी’ केला. डेंडी म्हणजे आपल्यासारखीच रशियात खपलेली नक्कल. आता त्याला मरायला ३ मिनिटं १२ सेकंद लागली. गाणं रेंगाळलं, पट्टी जवळपास तीच राहिली, आणि बायको आतून म्हणाली, ‘अय्या, हेच ते!’

राहिलं जुनं मशीन. माझ्याकडे आहे. कॅसेटच्या पिना खोडरबराने घासून ते चालूही केलं. पण बदकं मारायची बंदूक एलईडी टीव्हीवर ढिम्म. खटका दाबताच पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड हेरते. एलईडीवर चित्र उमटायला किंचित उशीर होतो, तोवर बंदुकीची वेळ टळलेली असते. इम्युलेटरमध्ये माउसने बदकं पटापट पडतात.

एक कबूल: जुनं मशीन आणि डबा टीव्ही या जोडीत बटण दाबताक्षणी मारिओ उडतो, ती मजा इम्युलेटरला अजून पुरती साधत नाही. तर कुणाच्या माळ्यावर तसला टीव्ही पडून असेल तर कळवा. बंदूक घेऊन येतो.