शीआनचा व्हिडिओ पाठवणाऱ्यांसाठी

सकाळपासून सगळ्या ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. रात्रीचं चीनमधलं शीआन शहर, ड्रोनमधून काढलेलं, लाल-सोनेरी दिव्यांनी उजळलेले महाल आणि खाली ओळ: ‘वारसा असा जपतात!’ त्यावर आपल्याच मंडळींच्या टाळ्या.

अहो, ते महाल नाहीत. तो बाजार आहे, याच शतकात बांधलेला! नक्कल आहे ती इथून राज्य करणाऱ्या तांग राजघराण्याच्या काळाची. ते घराणं ९०७ साली संपलं, त्यांचे लाकडी राजवाडे कधीच गेले. व्हिडिओत दिसतंय ते काँक्रीट, एलईडी आणि भाड्याचे झगे घालून फोटो काढून घेणाऱ्या मुली.

मी गेल्या वर्षी जाऊन आलोय म्हणून एवढा तडकलोय. तिथल्या मुस्लिम मोहल्ल्यात ‘पाओमो’ मिळतं. जाड कोरडी रोटी आपणच वाडग्यात कुस्करायची, मग ती आत मटणाच्या रश्शात शिजते. माझे तुकडे बघून दुकानातल्या काकूंनी मान हलवली, बोटांनी खूण केली: अजून बारीक. चव काय सांगू! पैसे देताना मात्र फोनमधल्या पेमेंट अ‍ॅपने माझं कार्ड नाकारलं. शंभराची नोट काढली तर काकूंकडे मोड नाही. गल्लाच नाही, भिंतीवर नुसता क्यूआर कोड. शेवटी शेजारच्या आजोबांनी कापडी पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढून मोड दिली. अख्ख्या दुकानात रोकडवाले आम्ही दोघंच, एक परदेशी आणि एक म्हातारा.

मेट्रो उत्तम आहे, मान्य. १३८४ सालच्या घंटामनोऱ्याला धक्का लागू नये म्हणून तिचे बोगदे दोन बाजूंनी वळवून नेलेत, हेही मान्य. आपल्याकडे एवढं केलं असतं का, विचारू नका.

आणि तटबंदी! ती खरी. तांगांनंतर काही शतकांनी आलेल्या मिंग घराण्याच्या काळातली, जवळजवळ १४ किलोमीटर, वर सायकल चालवता येते एवढी रुंद. एका बाजूला जुनी कौलं, दुसऱ्या बाजूला टॉवर. तिथे माझा सगळा राग उतरला होता. व्हिडिओत तिला किती जागा? दोन सेकंद.

ह्युएन त्संगचंही तेच. शाळेत वाचलेला तोच चिनी बौद्ध प्रवासी. चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला ६५२ साली बांधलेला पॅगोडा शीआनमध्ये अजून उभा आहे. त्याच्यासमोर ह्युएन त्संगचा पुतळा आहे. मला तिथे जरा शांत उभं राहायचं होतं, तर पाठीत सेल्फी स्टिक आणि कानात स्पीकर.

म्हाताऱ्यांना त्या शहरात जागाच नाही असं नाही म्हणत मी, संध्याकाळी चौकाचौकात झकास नाचतात. पण मला ते पिशवीवाले आजोबाच आठवतात. तांगकाळाचा देखावा उभा करायला पैसा आहे, आणि ज्याच्या हातात स्मार्टफोन नाही त्याने दुपारचं जेवण घ्यायचं कसं?

जाणार असाल तर जा, खरंच जा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते आणि शीआनजवळच्या त्या प्रसिद्ध मातीच्या सैनिकांच्या पुतळ्यांपेक्षा माणसांच्या टाळूच जास्त दिसतात. मोहल्ल्यात मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत जेवा. आणि सुट्टे युआन ठेवा, दुसऱ्या कुणाला मोड लागली तर तुमच्याकडे असू दे.