टेप आधी काढा, रिफंडचं नंतर बोलू

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा खरं सांगतो डोकं फिरलं, दुसऱ्यांदा वाचला तेव्हा पोटात गोळा आला, कारण मधेच तुम्ही सहज लिहून गेलात की आमच्या दुकानातल्या, सापाच्या पेटीत लावायच्या प्लास्टिकच्या वेलीचे सक्शन कप टिकतच नाहीत म्हणून "शेवटी टेपनेच चिकटवली". ती टेप अजून आत असेल तर हा रिप्लाय इथेच सोडा आणि आधी ती काढा, मग पुढचं वाचा. सेलोटेप, डबल साइड, डक्ट टेप, कुठलीही असो. आतल्या उबेने आणि ओलाव्याने टेपची कड सुटते, साप रात्रभर कडेकडेने फिरत असतो, आणि एकदा अंगाला लागली की तो सुटायला धडपडतो आणि आणखी गुंडाळून घेतो. चिकटलेली दिसलीच तर ओढू नका, खवले सोलून निघतात. कापसाने खायचं तेल लावा, मुरू द्या, आणि डोक्याकडून शेपटीकडे अगदी थोडी थोडी करत सोडवा. डोळ्यापाशी किंवा तोंडापाशी असेल तर स्वतः हात लावू नका, सरळ व्हेटकडे न्या.

आता तक्रारीचं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो: यांनी आमच्याकडून बॉल पायथनसाठी (लोक पाळतात तो छोटा आफ्रिकन अजगर) लपायला रेझिनची मोठी कवटी आणि वेल घेतली. साप कवटीच्या डोळ्याच्या भोकात अडकला, यांना कवटी फोडावी लागली, रिफंड मागितला तर आमच्या काउंटरवरच्या मुलाने "फुटलेला माल परत घेत नाही" म्हणून सांगितलं. शिवाय यांनी आणलेलं लाकूड आम्ही नको म्हटलं, हीट रॉक (विजेवर तापणारा नकली दगड) मागितला तर ठेवत नाही म्हणालो, आणि वर लेक्चर दिलं. शेवटची ओळ अशी की "यांच्याकडे जाऊ नका, कुंडी उलटी ठेवा, फुकटात काम होतं".

कवटीची चूक आमची आहे, आणि आमची म्हणजे माझी. ती कवटी मुळात फिश टँकसाठी येते, मासा एका डोळ्यातून शिरून दुसऱ्यातून निघतो तर छान दिसतं. सापाच्या रॅकवर ती मीच आणून ठेवली, दिसायला भारी म्हणून, काउंटरवरच्या मुलाने नाही. त्यानेही तुमचा साप केवढा आहे हे विचारायला हवं होतं, पण रॅकवर ठेवलीय म्हणजे चालत असणार असंच कोणीही धरून चालणार ना. ज्या एका ठिकाणी खरंच लेक्चर द्यायला हवं होतं तिथे आम्ही गप्प बसून बिल केलं, हे मला जास्त लागलंय.

झालं काय ते सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय "एवढं मोठं भोक होतं तरी कसा अडकला". मोठं होतं म्हणूनच अडकला. बॉल पायथनचं डोकं आणि मान बारीक, मधला भाग जाड, आणि तुम्हीच लिहिलंय की दोन दिवसांपूर्वी खायला घातलं होतं. डोकं गेलं, पुढचं अंग गेलं, पोट आलं आणि टाइट झालं. मागे का नाही आला? खवले कौलांसारखे एकावर एक मागच्या बाजूला वळलेले असतात, पुढे सरकताना गुळगुळीत, मागे घेतलं की कड उचलली जाऊन अडकतात. त्यामुळे साप पुढेच रेटत राहतो आणि आणखी रुततो. अशा वेळी घाबरून शेपटीकडून ओढणारे लोक मी पाहिलेत. तुम्ही ओढलं नाहीत, वस्तू फोडलीत, ते एकदम बरोबर केलंत.

म्हणून भोकांचा माझा हिशोब असा आहे, आता तरी: भोक एकतर इतकं लहान की डोकंच जाणार नाही, नाहीतर इतकं मोठं की पोट भरलेला साप आरामात पार होईल. मधलं कुठलंही भोक म्हणजे सापळा. आणि हे आजच्या सापावर मोजायचं नाही. बॉल पायथनचं पिल्लू दीड फुटाच्या आत असतं, मोठी मादी ४ ते ५ फूट होते, आज सुटसुटीत वाटणारं भोक वर्षभराने बरोबर त्या मधल्या मापात येतं. मापाची टेप घेऊन मोजायलाही जाऊ नका, खाल्ल्यावर २ दिवस हात न लावलेला बरा, बाहेरून बघूनच सगळ्यात जाड कुठे दिसतो त्याचा अंदाज घ्या.

आणि आता तुमची कुंडी. आयडिया खरंच चांगली आहे. मातीची कुंडी वजनदार असते, सहज सरकत नाही, आत अंधार असतो, खडबडीत असल्याने कात टाकायलाही बरी, आणि दुकानदार म्हणून मला हे सांगायला जड जातंय पण आमच्या निम्म्या रेझिनच्या गुहांपेक्षा बरी. फक्त तिच्या बुडाला पाणी निथळायचं भोक असतं ते बघितलंत का? तेच ते मधलं भोक. उलटी ठेवली की ते वर येतं, साप आतून डोकं वर काढतो आणि परत तीच कथा, फक्त या वेळी गळ्यात रेझिनऐवजी कुंडी. तुम्ही सगळ्यांना सल्ला दिलाय म्हणून इथे उघड लिहितोय: भोक नसलेली कुंडी घ्या, नाहीतर भोक अ‍ॅक्वेरियम सिलिकॉनने बुजवा. बाथरूमचं बुरशीरोधक औषधवालं सिलिकॉन नको. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत कुंडी बाहेरच ठेवा, जाड थर असेल तर २-३ दिवस सहज लागतात. दारासाठी कड फोडली असेल तर ती पॉलिश पेपरने घासून गोल करा, मग जुना पातळ नायलॉनचा मोजा तिच्यावरून फिरवा, मोजा अडकला तर पोटाचे खवलेही अडकणार. रेझिन, लाकूड, काहीही आत ठेवण्याआधी हीच टेस्ट करा, मी पण आता रॅकवर ठेवण्यापूर्वी करणार आहे.

एक नाही, दोन कुंड्या लागतील हां. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. एकच असेल तर बिचाऱ्याला लपणं आणि योग्य तापमान यातलं एक निवडावं लागतं आणि बहुतेक वेळा तो लपणंच निवडतो. आणि ऐसपैस नको, वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकलं पाहिजे, आपल्याला कोंदट वाटतं तिथे त्याला सुरक्षित वाटतं.

लाकडाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. "स्वतःचा माल खपवायला नको म्हटलं" असं तुम्ही लिहिलंय, पण त्या दिवशी मी काउंटरच्या मागेच होतो, त्या ओंडक्याचा वास मला तिथपर्यंत येत होता आणि सालीखाली चीक होता. पाइन, सीडर असली उग्र वासाची लाकडं बंद, गरम खोक्यात ठेवली की त्यांतली तेलं हवेत साठतात आणि सापाच्या श्वासनलिकेला त्रास देतात. आपल्याला छान वाटणारा वास तो चोवीस तास घेत असतो. बिनवासाचं, कठीण, वाळलेलं लाकूड बाहेरून आणा की, कोण नाही म्हणतंय, फक्त औषध फवारलेल्या झाडाचं नको. सुटी साल काढून टाका, ब्रशने घासा, ओव्हनमध्ये मावत असेल तर साधारण ११० ते १२० डिग्रीवर तासभर, आणि तो पूर्ण वेळ तिथेच उभं राहून, मावत नसेल तर उकळतं पाणी दोन-तीनदा ओता आणि मग आतपर्यंत पूर्ण वाळू द्या. हे माइट्ससाठी, म्हणजे सापाचं रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांसाठी. टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके पाण्याच्या भांड्यात बुडालेले दिसले की समजा शिरले, आणि एकदा शिरले की महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाहीत. दगडांना मात्र हा उकळायचा किंवा भाजायचा प्रयोग करू नका, आत पाणी मुरलेलं असेल तर वाफ होऊन दगड फुटू शकतो. दगड नुसता घासून धुवायचा आणि माती-भुशावर नाही, थेट तळावर टेकवायचा, कारण साप खालून उकरतो आणि दगड त्याच्यावर बसतो.

हीट रॉक ठेवत नाही आणि ठेवणार नाही. एकाच जागी चटका बसण्याइतका तापतो, आणि पोटाला भाजतंय तरी साप तिथून उठेलच असं नाही. पोट पूर्ण भाजलेला साप एकदा बघितला की ती वस्तू विकावीशी वाटत नाही.

वेलीचं अर्धं तुमचं खरं, अर्धं माझं. सक्शन कप स्वच्छ काचेवर थोडे ओले करून लावले तर वेलीचं वजन धरतात, सापाचं नाही. ती आडोशाला असते, चढायला नसते. पाकिटावर चढतानाचा फोटो छापलाय हे मान्य, पाकिटवाले काहीही छापतात, पण विकताना तोंडाने सांगणं आमचं काम होतं. आता काढलीच आहे तर देठ वाकवून बघा, आतली तार कुठे टोचतेय का, आणि कापडी पानांचे धागे सुटले असतील ती पानं तोडून टाका. चढायला फांदी द्या, सापाच्या जाड भागाएवढी तरी जाड, आणि दोन्ही बाजूंना घट्ट अडकवलेली. आधी स्वतःच्या हाताने जोर लावून बघा.

कवटी आणि वेल, दोन्हीचे पूर्ण पैसे परत. तुकडे आणायची गरज नाही, बिल नसलं तरी चालेल. "फुटलेला माल परत नाही" ही पाटी माझीच आहे, मुलाने ती वाचून दाखवली एवढंच, त्याच्यावर रागावू नका. अडकला होता तिथले खवले खरचटलेत म्हणालात, तर काही दिवस खाली नुसता टिश्यू पेपर घाला आणि रोज बघत राहा. जागा लाल, ओली किंवा सुजलेली वाटली तर थांबू नका, व्हेटला दाखवा, त्याचं बिल दुकान देईल. उरलेल्या कवट्या आज सकाळी फिश टँकच्या बाजूला हलवल्या.

स्टार बदला म्हणणार नाही. टेप निघाली का, आणि कुंडीचं भोक केवढं आहे, तेवढं मात्र आजच कळवा, फोन नाहीतर मेसेज, दुकान बंद असलं तरी मी बघतो.