भूऔष्णिक प्रदेशातील खडक आपली चुंबकीय दिशा खरोखर विसरतात का?

‘भूऔष्णिक प्रदेशातील खडक तापलेले आणि खनिजबदल झालेले असतात, म्हणून त्यांच्या चुंबकत्वावरून, म्हणजे थिजताना त्यांत नोंदल्या गेलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवरून, भूकवचाच्या हालचाली शोधणे व्यर्थ आहे, आइसलँडमधील ढोबळ निष्कर्ष हाच त्याचा पुरावा,’ असे विधान वारंवार केले जाते. सरसकट घेतले तर ते चुकीचे आहे.

प्रथम उष्णतेविषयी. खडकांतील चुंबकीय खनिजांपैकी मॅग्नेटाइटचे क्युरी तापमान (ज्याच्या वर खनिजाचे कायम चुंबकत्व नाहीसे होते) सुमारे 580 आणि हेमॅटाइटचे सुमारे 675 अंश सेल्सिअस असते, तर वीजनिर्मितीसाठी वापरले जाणारे भूऔष्णिक साठे बहुधा 350 अंशांच्या आत असतात. हजारो वर्षे टिकलेली मध्यम उष्णता प्रयोगशाळेतील काही मिनिटांच्या बऱ्याच अधिक उष्णतेइतका परिणाम करू शकते, हे मात्र खरे आहे आणि ते नजरेआड करता येत नाही. म्हणूनच सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची खडकाची कांडी बाह्य चुंबकीय क्षेत्र रोखलेल्या भट्टीत 100, 200, 300 अंश अशी टप्प्याटप्प्याने तापवतात आणि दर वेळी थंड करून मोजतात. पुष्कळदा आधी पृथ्वीच्या आजच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेचा नवा घटक निघून जातो, आणि मग उरलेले मूळ चुंबकत्व दिशा न बदलता, आलेखावर सरळ रेषेत शून्याकडे सरकू लागते. अशी रेषा मिळाली नाही, तर तो नमुना सोडून द्यावा लागतो.

खनिजबदलाचा आक्षेप अर्धाच खरा आहे. गंधकयुक्त उष्ण द्रव मॅग्नेटाइटचे पायराइट, म्हणजे जवळजवळ अचुंबकीय असे लोह-गंधकाचे खनिज, करतात. पण न्यूझीलंडच्या टाउपो ज्वालामुखी पट्ट्यात अशा क्षीण चुंबकत्वाच्या जागा हवाई सर्वेक्षणात उठून दिसतात आणि उष्ण पाणी कोठून वर आले ते दाखवतात. दिशेसाठीचे नमुने बदल न झालेल्या लाव्हातून घ्यायचे असतात.

आइसलँडचा दाखला तर मुळातच चुकीच्या कारणाला जोडला आहे. 65 अंश अक्षांशावर क्षेत्राची अपेक्षित नती (क्षितिजाशी होणारा कोन) सुमारे 77 अंश, म्हणजे जवळजवळ उभी असते, आणि भूखंड किती फिरला हे ज्यावरून ठरते तो दिक्पात (भौगोलिक उत्तरेशी होणारा आडवा कोन) उरलेल्या क्षितिजसमांतर अंशातून काढावा लागतो. त्यामुळे सरासरी दिशेतील अनिश्चितता अवघी 5 अंश असली, तरी दिक्पातातील अनिश्चितता सुमारे 23 अंशांपर्यंत जाते. ही अडचण निव्वळ भूमितीची आहे, थंड खडकांनाही ती चुकत नाही, आणि तिच्यावर उपाय आहे तो वेगवेगळ्या काळातील पुष्कळ लाव्हाप्रवाहांचे नमुने घेण्याचा.