मतदार वाढवा, पण बेताने

राजाला समुद्रापार हाकलून झालं, राज्यघटना लिहून झाली, 1789 मध्ये वॉशिंग्टन यांनी शपथही घेतली. आता अमेरिकेत तुमच्यासारख्या कर्तबगार माणसाला एकच काम उरलंय: जनतेची सेवा. ती करायची तर आधी निवडून यावं लागतं, आणि तिथंच भल्याभल्यांचं घोडं पेंड खातं. पुढची पन्नासेक वर्षं ज्यांनी हा उद्योग नीट केला, त्यांच्याकडून चार गोष्टी शिकून घ्या. घटनेत त्या सापडायच्या नाहीत.

सगळ्यात आधी, तत्त्वांचा आणि दारूचा हिशेब वेगळा ठेवा. जेम्स मॅडिसन यांना हे जमलं नव्हतं. 1777 मध्ये ते व्हर्जिनियाच्या विधानसभेला उभे राहिले आणि मतदारांना पाजणं प्रजासत्ताकाला शोभत नाही, असं ठरवून कोरडे राहिले. समोरचा उमेदवार गुत्तेवाला होता. निकाल सांगायला नकोच. वॉशिंग्टन या बाबतीत जाणकार. इंग्रजांच्या काळातच, 1758 च्या निवडणुकीत, त्यांनी रम, पंच, वाइन, बिअर, सायडर मिळून शंभर गॅलनांहून जास्त माल मतदारांना वाटला होता. पुढे राष्ट्रपिता कोण झालं ते बघा. मॅडिसनना नुसतं घटनेचे जनक म्हणतात.

पक्ष काढायचाय? मग आधी पक्षांना शिव्या घाला. पक्षाबरोबरच स्वर्गात जाता येत असेल तर मी तिथंही जाणार नाही, असं जेफरसन यांनी 1789 मध्ये एका पत्रात लिहिलं. मॅडिसन यांनी तर गटबाजी हा प्रजासत्ताकाचा रोग कसा, यावर अख्खा निबंध लिहिला होता. दोघांनी मिळून चारेक वर्षांत देशातला पहिला विरोधी पक्ष उभा केला. 1796 मध्ये वॉशिंग्टन यांनी निरोपाच्या संदेशात देशाला पक्षीय वृत्तीपासून जपायला सांगितलं. त्या संदेशाचा मसुदा घडवला हॅमिल्टन यांनी, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या म्होरक्यांनी. पक्ष नेहमी समोरच्यांचा असतो. आपण फक्त देश वाचवत असतो.

मग एक संपादक पाळा, पण खिशाला चाट लावून घेऊ नका. जेफरसन परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला खात्यात भाषांतरकार म्हणून वर्षाला 250 डॉलरवर ठेवलं. भाषांतराचं काम जेमतेम. त्यामुळे फ्रेनोंना ‘नॅशनल गॅझेट’ चालवून अर्थमंत्री हॅमिल्टन यांचे वाभाडे काढायला भरपूर फुरसत मिळे. हॅमिल्टनही काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांच्या खात्याची छपाईची कामं जॉन फेनोंकडे जात, आणि फेनोंचा ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हॅमिल्टन यांची आरती ओवाळी. मंत्रिमंडळ एक, तिजोरी एक, आणि तिच्यातून दोन्ही बाजूंच्या शिव्यांचा खर्च. वृत्तपत्रस्वातंत्र्याला याहून भक्कम आधार कुठे मिळणार?

फक्त पाळलेल्या संपादकाची उधारी थकवू नका. जेम्स कॅलेंडर नावाच्या पत्रकारानं तेव्हाचे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सविरुद्ध लिहावं म्हणून जेफरसन यांनी त्याला पैसे दिले. त्यानं लिहिलं आणि त्यापायी तो तुरुंगातही जाऊन आला. सुटल्यावर त्यानं रिचमंडची पोस्टमास्तरकी मागितली. ती मिळाली नाही. 1802 मध्ये त्यानं जेफरसन यांची गुलाम सॅली हेमिंग्ज आणि तिला त्यांच्यापासून झालेली मुलं, ही गोष्ट छापून टाकली. एका पोस्टमास्तरकीची भरपाई दोनशे वर्षं चालू आहे.

सत्ता हाती आली की कायदा करा, आणि तो कसा करावा हे हॅमिल्टन यांच्या पक्षाकडून, म्हणजे फेडरलिस्टांकडून शिका. 1798 चा राजद्रोहाचा कायदा म्हणजे कारागिरीचा नमुना. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांची बदनामी केलीत तर दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. यादीत उपाध्यक्ष नव्हते. कारण उपाध्यक्ष होते जेफरसन. त्यांना खुशाल हवं ते बोला. मुदत 3 मार्च 1801 पर्यंत, म्हणजे पुढच्या अध्यक्षांच्या शपथविधीच्या आदल्या दिवसापर्यंत. चुकून हरलोच तर आपलंच शस्त्र आपल्यावर उलटू नये, एवढी ती दूरदृष्टी. न्यूअर्कमध्ये अध्यक्षांच्या स्वागताला तोफा झडत असताना ल्यूथर बाल्डविन नावाचा एक झिंगलेला इसम म्हणाला, की गोळा अध्यक्षांच्या पार्श्वभागात घुसला तरी माझं काही जात नाही. त्यालाही दंड झाला. प्रजासत्ताक एवढं नाजूक होतं बिचारं.

या कायद्याचा एकच दोष: तुरुंगात गेलेला माणूस लोकांना आवडायला लागतो. व्हर्मॉंटचे विरोधी पक्षाचे खासदार मॅथ्यू लायन बघा. जानेवारी 1798 मध्ये सभागृहातच कनेक्टिकटच्या रॉजर ग्रिसवोल्डनी त्यांना युद्धातल्या एका जुन्या नामुष्कीवरून टोमणा मारला. लायन वळले आणि सरळ तोंडावर थुंकले. सभागृहानं त्यांना काढायचा घाट घातला, तेवढी मतं जमली नाहीत. मग ग्रिसवोल्डनी न्याय स्वतःच्या हातात घेतला, म्हणजे शब्दशः: 15 फेब्रुवारीला जाड काठी घेऊन ते आले आणि जागेवर बसलेल्या लायनना झोडपायला लागले. लायन धडपडत शेकोटीपाशी गेले आणि त्यांनी चिमटा उचलला. दोन सन्माननीय सदस्य जमिनीवर लोळत होते आणि बाकीचे सन्माननीय सदस्य त्यांचे पाय ओढत होते. त्याच वर्षी अध्यक्षांच्या डामडौलाबद्दल लिहिलं म्हणून लायनना चार महिन्यांची कैद आणि हजार डॉलर दंड झाला. ते कोठडीतूनच पुन्हा निवडून आले. पुढे 1801 मध्ये अध्यक्षपदासाठी जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांची मतं 73-73 अशी सारखी पडली, सभागृहात फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, आणि छत्तिसाव्या फेरीत व्हर्मॉंटचं मत जेफरसनना देणारा हात याच लायनांचा होता. तेव्हा विरोधकाला आत टाकायचंच असेल तर निवडणुकीनंतर टाका.

आता खरं काम: मतदार. मतदार वाढवण्यात पुण्य आहे आणि फायदाही. प्रश्न एवढाच, की कुठले वाढवायचे. न्यू जर्सीनं 1776 च्या घटनेत भलताच उतावीळपणा केला. पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले सगळे प्रौढ रहिवासी मतदार, असं लिहून मोकळे झाले. ‘पुरुष’ लिहायचं राहिलं, ‘गोरे’ लिहायचंही राहिलं. 1790 च्या कायद्यात तर ‘तो किंवा ती’ असं साफच आलं. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची, त्यामुळे मत विधवांना आणि अविवाहितांना. नवरा नसणं ही मतदाराची पात्रता. (नवरे या व्यवस्थेबद्दल काय बोलत असतील, याची मला फार उत्सुकता आहे.) 1797 मध्ये एलिझाबेथटाउनच्या बायकांनी विधिमंडळाचे उमेदवार जॉन कॉंडिक्ट यांना जवळजवळ पाडलंच होतं. कॉंडिक्ट विसरणाऱ्यांतले नव्हते.

दहा वर्षांनी संधी आली. एसेक्स काउंटीचं नवं कोर्ट कुठं बांधायचं, यावर 1807 मध्ये मतदान झालं. न्यूअर्क एका बाजूला, एलिझाबेथटाउन दुसऱ्या बाजूला. दोन्ही गावांनी गावाच्या अब्रूसाठी जे करायचं ते केलं. एका केंद्रावर मत देऊन माणसं दुसऱ्या केंद्रावर गेली, पोरासोरांनी मतं दिली, आणि पुरुषांनी झगे घालून पुन्हा एकदा मतं दिली म्हणे. मोजायला बसले तर मतदारांपेक्षा मतंच जास्त. निवडणूक रद्द झाली. आता यावरचा इलाज नीट समजून घ्या, तुमच्या उपयोगी पडेल. पुरुषांनी बायकांचे कपडे घालून लबाडी केली, म्हणून बायकांचं मत काढून घेतलं. कृष्णवर्णीयांचंही घेतलं, त्यांनी काय घातलं होतं ते कुणी सांगितलं नाही. राज्याची सुरक्षितता, शांतता, सुव्यवस्था आणि प्रतिष्ठा राखायला हे आवश्यक आहे, असं कायद्यातच लिहिलं. विधेयक आणलं कॉंडिक्ट यांनी. आणि त्याच कायद्यानं कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना पन्नास पौंडांच्या अटीतून सोडवलं. म्हणजे हिशेबात लोकशाही वाढलीच.

न्यूयॉर्कवाले जास्त सफाईदार. 1821 च्या घटना परिषदेत गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट जवळपास मोडीत काढली, आणि कृष्णवर्णीयांसाठी 250 डॉलरच्या जमिनीची अट घातली. सरसकट बंदी घालावी, असं म्हणणारेही परिषदेत होते. त्यांच्यापुढे 250 डॉलरवाले उदारमतवादी ठरले. पुढे अध्यक्ष झालेल्या मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांनी या अटीचं समर्थन केलं, कारण तिच्यामुळे उद्योगाला उत्तेजन मिळेल. गोऱ्यांना उद्योगी होण्याची गरज नव्हती, ते जन्मतःच उद्योगी. कुणाला नाही म्हणू नका. किंमत सांगा.

सामान्य माणसाचे कैवारी व्हायचं असेल तर स्वतः सामान्य असायची सक्ती नाही. अँड्रयू जॅक्सन यांच्याकडे शंभराच्या आसपास गुलाम होते, तरी 1829 च्या शपथविधीला सामान्य माणूस चिखलाच्या बुटांनिशी व्हाइट हाउसमधल्या रेशमी खुर्च्यांवर चढला, आणि शेवटी पंचची पिंपं हिरवळीवर नेऊन ठेवावी लागली तेव्हा कुठं गर्दी बाहेर हलली. अध्यक्ष मागच्या बाजूनं निसटून हॉटेलात गेले. या सामान्य माणसाला नुसतं मत देऊन भागत नाही, जमीनही लागते. ती चेरोकी या मूळनिवासी जमातीची होती. चेरोकींनी 1827 मध्ये अमेरिकेच्या धर्तीवर लेखी राज्यघटना केली, पुढच्याच वर्षी वर्तमानपत्र काढलं. एवढं अनुकरण बरं नव्हे. 1830 मध्ये त्यांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा सभागृहात 102 विरुद्ध 97 मतांनी झाला, आणि जॉर्जियानं त्यांच्या जमिनी लॉटरी काढून गोऱ्या नागरिकांना वाटल्या. सोडत अगदी चोख निघाली.

पुढं हेच तंत्र जॅक्सन यांच्या पक्षावर उलटलं, तेही हसण्याजोगं. 1840 मध्ये एका वर्तमानपत्रानं हिणवलं, की अध्यक्षपदाचे उमेदवार हॅरिसन यांना पेन्शन आणि सायडरचं पिंप द्या, ते लाकडी झोपडीत पडून राहतील. हॅरिसन यांच्या व्हिग पक्षानं झोपडीलाच निशाण केलं. हॅरिसन जन्मले होते व्हर्जिनियातल्या मळेवाल्याच्या वाड्यात, वडिलांची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर. समोरचे, जॅक्सन यांच्या पक्षाचे व्हॅन ब्यूरेन गुत्तेवाल्याचे पोर, ते ठरले ऐषारामी सरदार. माणसाहून उंच चेंडू गावोगाव ढकलत नेले, गाणी म्हटली, सायडर वाहिला, आणि दर पाचांतले चार मतदार मत द्यायला आले. हॅरिसन थंडीत पावणेदोन तास भाषण करून महिन्याभरात वारले. भाषण आटोपतं घ्या.

उरलं ऱ्होड आयलंड. तिथं 1840 उजाडलं तरी इंग्लंडच्या राजानं 1663 मध्ये दिलेली सनदच राज्यघटना होती, आणि मताला 134 डॉलरची जमीन लागे. थॉमस डॉर यांनी बंड पुकारलं, जनतेची स्वतंत्र घटना केली, ‘जनता’ म्हणजे गोरे पुरुष असंही तिच्यात लिहिलं. मे 1842 मध्ये ते शस्त्रागारावर तोफा घेऊन गेले. तोफा उडाल्याच नाहीत. कृष्णवर्णीयांनी ‘जनते’च्या बाहेर राहून सनदवाल्या सरकारच्या बाजूनं बंदुका उचलल्या, आणि 1843 च्या घटनेत त्याच सरकारनं त्यांना मत दिलं. तेव्हा मत हवं असेल तर लोकशाहीवाल्यांच्या दारात फार वेळ ताटकळू नका. त्यांच्या शत्रूंना तुमची गरज पडेपर्यंत थांबा. हां, तुम्ही आयर्लंडहून आलेले गिरणीकामगार असाल तर 134 डॉलरची जमीन तुम्हाला तशीच लागेल. ती अट 1888 पर्यंत टिकली. तोवर गिरणीतून पैसे साठवत राहा, उद्योगाला उत्तेजन मिळतं.