वॉरंटी कार्डावरचा मोर

आमच्या घरातला कागद सध्या जीव मुठीत धरून जगतोय. लग्नपत्रिका, कापड दुकानाचं पत्रक, औषधाच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची घडी, कशाचाच भरवसा नाही. सातवीतल्या लेकीनं आर्ट जर्नल सुरू केलंय.

मला वाटलं वही आहे, चित्रं काढेल. पण कोऱ्या पानावर सरळ चित्र काढणं या जमातीत कमीपणाचं समजतात. आधी जुने कागद फाडून चिकटवायचे. त्यावर जेसो नावाचा पांढरा लेप फासायचा, म्हणजे वरचा रंग पानात मुरत नाही. मग रंग, मग वाशी टेप, म्हणजे जपानी कागदाची चिकटपट्टी, आणि सगळ्यात शेवटी काळ्या जेलपेननं वेलबुट्टी. जेसोच्या डबीची किंमत ऐकून मी म्हणालो, "अगं, दिवाळीला भिंतीला देतो तेच दिसतंय हे." त्यावर मायलेकींनी एकमेकींकडं जे बघितलं, ते मला दिसलंच नाही असं मी दाखवलं.

पहिला बळी गेला आईच्या गेल्या वर्षीच्या दाते पंचांगाचा. पंचांग निघतं सोलापुरातूनच, त्यामुळं आईला ते शेजारच्यांनी लिहून दिल्यासारखं वाटतं. आता घर डोक्यावर घेणार म्हणून मी चपला शोधत होतो. आईनं चष्मा लावून पान निरखलं आणि म्हणाली, "अमावास्येवर एवढा गोल चंद्र काढतात होय गं?" फाडल्याचं काही नाही. तिथी चुकली.

मग शाळेतून चिठ्ठी आली, भूगोलाच्या तासाला वहीत गिरगटते म्हणून. चिठ्ठीबरोबर लेकीनं बचावाचा पुरावाही समोर ठेवला. २००९ साली इंग्लंडमधल्या जॅकी आंद्रादे या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे गोल-चौकोन रंगवायला दिले. रंगवणाऱ्यांना नंतर २९ टक्के जास्त आठवलं.

"पण तो निरोप मुद्दाम रटाळ ठेवला होता," मी म्हणालो.

"पप्पा, तुम्ही आमचा भूगोलाचा तास ऐकलाय का?"

मी मुकाट्यानं सही केली.

खरी भीती नानांची होती. आमचे वडील आयुष्यभर चादरींची डिझाईनं काढत आले. जकार्डच्या मागावर मोर विणायचा तर तो आधी ग्राफच्या कागदावर चौकोन मोजून बसवायचा, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. जिथं भोक तिथं धागा उचलला जातो. भोक चुकलं की त्या कार्डावर निघेल तेवढ्या चादरींतला मोर लंगडा. असा माणूस नातीची वही हातात घेऊन बसला. वही कसली, लेपांनी फुगून बंदच होईना, पंगतीतून उठलेल्या पाहुण्यासारखी टेकून बसलेली.

"बाई, ह्यात रिपीट कुठंय? मान कितव्या घरात वळली?"

"नाना, ह्यात मोजायचं नसतं. चुकलं तरी चालतं."

नाना गप्प झाले. रात्री पाणी प्यायला उठलो तर दिवा चालू. पासबुकाच्या मागच्या पानावर नानांनी एक मोर काढला होता. तीन पायांचा. आणि एकटेच हसत होते.

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली, आणि मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला असताना आमचा कूलर बसला. मोटार जळली. वॉरंटी बाकी होती. पण कार्ड? फायलीत नाही, फ्रीजवर नाही, देव्हाऱ्यात नाही. तेवढ्यात लेक हळूच म्हणाली, "पिवळ्या रंगाचं, जाड होतं का ते?"

कार्ड नानांनीच सुचवलं होतं. जन्म पुठ्ठ्याला भोकं पाडण्यात गेला. जाड कार्ड दिसलं की हात शिवशिवतो, त्याला ते तरी काय करणार.

अख्खी वही दुकानात न्यायची वेळ आली. पण वही खासगी. मग बाकीच्या पानांना कपड्यांचे चिमटे लावून, वहीच्या मालकीणबाई स्वतः गाडीवर मागं बसून आल्या.

"कार्ड आणलाव का ओ सर?" दुकानदारानं विचारलं. मी वही उघडून मोर दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला. मोराच्या डोळ्याखाली दुकानाचा शिक्का अंधूक दिसत होता, तारीख मात्र पिसाऱ्यात. त्यानं नखानं जरा खरवडायला घेतलं, तर लेक अशी किंचाळली की रस्त्यावरची रिक्षा थांबली.

त्यानं हात मागं घेतला. मग आतून बायकोला हाक मारली. दोघं बराच वेळ मोर बघत उभे.

"हे काळं चमकायलाय कशानं?" तिनं विचारलं.

"जेलपेन," लेक म्हणाली. पुढं दहा मिनिटं जेसोवर व्याख्यान झालं. मी घाम पुसत उभा.

मोटार विकतच घ्यावी लागली. पैसे मोजून मी हात पुढं केला, तर दुकानदारानं नवं वॉरंटी कार्ड मला ओलांडून लेकीच्या हातात दिलं.

"घे ताई. ह्या कंपनीचं कार्ड अजून जाड येतंय."